एकाच चुलीवर मुलाचे जेवण
(माता-पालक सभेत घ्यावयाच्या पाठासाठी टिपण)

प्राथमिक शाळेत येणारे मूल दिवसाच्या चोवीस तासांपैकी पाच-सहा तासच शिक्षकांच्या स्वाधीन असते. उरलेला सर्व काळ ते घरी असते, आणि ज्या अन्नावर त्याची हाडे, त्याचे रक्त व त्याची बुद्धी वाढावयाची ते अन्नही मुख्यतः घरीच शिजते. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० कॅलरी उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. हा आहार मोलाचा आहे. परंतु तो मुलाच्या दिवसाच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा भागवितो. बाकीचे दोन हिस्से घरच्या चुलीवरूनच यावयाचे असतात. शिवाय मूल पहिलीत नाव घालण्यापूर्वीची जी सहा वर्षे, त्यांतही विशेषतः पहिली दोन वर्षे, वाढीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. त्या वयाची भावंडे आपल्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरी असतात. म्हणून हा विषय शाळेचा नव्हे असे कोणी समजू नये.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने उंचीने खुजी आढळली, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगी रक्त कमी होते. दारिद्र्य हे याचे मोठे कारण आहे, आणि ते सभेत पाठ घेऊन दूर होणारे नाही. तसे आश्वासनही कोणी देऊ नये. परंतु ज्या घरात ज्वारी आहे, तुरीची डाळ आहे, कुडाशेजारी शेवग्याचे झाड आहे, अशाही घरातील मूल जेव्हा वाळत जाते, तेव्हा उणीव धान्याच्या कोठीत नसते. कोठीपासून मुलाच्या ताटापर्यंतच्या वाटेत ती कोठे तरी असते. प्रस्तुत पाठाचा विषय ही वाट एवढाच आहे.

आपल्या मंगरूळपीर तालुक्यात निंदणाच्या दिवसांत स्त्रिया झुंजुमुंजू होताच स्वयंपाक उरकून वावराची वाट धरतात. सभेत आहाराचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा असा येतो : “सकायीच वावरात जा लागते गुरुजी, पोरासाठी येगयं कवा रांधू?” हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्या आहारपाठात त्याला उत्तर नाही तो पाठ घेऊच नये. मासिकांतून येणारे फळांचे रस, सुका मेवा, निरनिराळ्या चवींचे पौष्टिक पदार्थ ऐकून बाई घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती चहा-बिस्किट देऊन कामाला लागते. तिला सांगावयाचे ते एवढेच की, वेगळे काही रांधावयाचे नाही. जे रांधले आहे त्यातून मुलाचा वाटा योग्य वेळी बाजूला काढावयाचा.

ही योग्य वेळ म्हणजे तिखट पडण्यापूर्वीची. वऱ्हाडचे जेवण तिखट. ठेचा, भुरका आणि झणझणीत बेसन यांवाचून आपल्याकडे भाकर उतरत नाही. मोठ्या माणसाने तसे जेवावे. पण तीन वर्षांच्या मुलापुढे तीच भाजी ठेवली की ते दोन घास घेते, पाण्याचा पेला तोंडाला लावते आणि पाण्याने पोट भरून उठते. “आमचं पोरगं जेवतच नाही” ही तक्रार पुष्कळदा येथूनच निघते. मग तिखट लागू नये म्हणून त्याला कोरडी भाकर, साखर-पोळी किंवा नुसता भात दिला जातो, आणि डाळ व भाजी ही दोन्ही त्याच्या ताटातून नाहीशी होतात. डाळ शिजली, भाजी शिजली, मीठ-हळद पडली, की मुलाच्या वाटीचे आधी काढून घ्यावे व मग मोठ्यांसाठी लसूण-मिरचीची फोडणी वरून द्यावी. या कृतीला एक पैसा लागत नाही आणि अर्धा मिनिट लागतो. फोडणी आधी की नंतर, एवढाच क्रम बदलावयाचा आहे.

दुसरी गोष्ट वरणाच्या पाण्याची. तान्हे मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत त्यास आईचे दूध पुरते. त्यानंतर दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करावे लागते. अशा वेळी बहुतेक घरांत वरणाच्या वरचे निवळ पाणी, भाताची पेज किंवा डाळीचे ‘सार’ पाजण्याची पद्धत आहे. यामागची माया खरी आहे. बाळाला पचेल असे हलके काही द्यावे ही तीमागील समजूत. परंतु डाळीतील प्रथिने तळाशी बसलेल्या गाळात राहतात, वरच्या पाण्यात त्यांचा अंश अत्यल्प असतो. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. पण ती ज्याच्या ताटात गाळ पडेल त्याला मिळतात. घरात सर्वांत मोठे काम करणारा जो पुरुष, त्याला घट्ट वरण आणि सर्वांत वेगाने वाढणारे जे बाळ, त्याला पाणी, असा हा उलटा हिशेब होतो.

हे सभेत सांगण्यापेक्षा दाखवावे. शाळेच्या पोषण आहारातील वरण न ढवळता एका काचेच्या भांड्यात घ्यावे. वरचे पाणी एका चमच्यात व तळचे वरण दुसऱ्या चमच्यात घेऊन दोन्ही चमचे तिरपे करावे. पाणी तत्काळ ओघळून जाते. घोटलेले घट्ट वरण चमच्यावर टिकून राहते. जे चमच्यावर टिकते तेच बाळाचे जेवण, अशी खूण मातांना सांगितली म्हणजे ग्रॅम व कॅलरी यांची भाषा बोलण्याची गरज उरत नाही.

डाळींचा उल्लेख आला त्या ओघात एका महाराष्ट्रीय विदुषीचे नाव विद्यार्थ्यांनाही अवश्य सांगावे. डॉ. कमला सोहोनी यांनी १९३३ साली बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत मोठ्या आग्रहाने प्रवेश मिळविला, दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर तेथे काम केले, आणि पुढे १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. पदवी संपादन केली. गरिबांच्या ताटातील साध्या अन्नाचे मोल प्रयोगशाळेत तपासण्याचे काम त्यांनी मुंबईतही चालू ठेवले. आपल्या वरणाच्या वाटीमागे असे शास्त्र उभे आहे, हे मुलींना कळणे इष्ट आहे.

आता पोटाच्या मापाविषयी. बाळाचे जठर फार लहान असते. त्याच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० मिलिलिटर एवढेच अन्न त्यात एका वेळी मावते. म्हणजे आठ किलो वजनाच्या बाळाला एका बैठकीत एका मोठ्या पेल्याहून अधिक काही जाणार नाही. तो पेला पातळ पेजेने भरला तर पोट भरते आणि अंग उपाशी राहते. यावर उपाय दोन. एक, वेळा वाढवाव्या : सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसातून दोन-तीन वेळा, पुढे दोन वर्षांपर्यंत तीन-चार वेळा, शिवाय मधे एखादा खाऊ, आणि आईचे दूध दोन वर्षे व त्यापुढेही चालू ठेवावे. दुसरा, प्रत्येक वाटीत एक लहान चमचा तेल किंवा तूप घालावे. एका चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम, तेलातून ४५ कॅलरी मिळतात आणि अन्न गिळण्यासही सोपे होते. तूपच हवे असे नाही. घरात जे खाण्याचे तेल असेल ते चालते.

घट्ट लापशी बाळाच्या घशात अडते अशी अडचण काही माता सांगतात. तिच्यासाठी जुनीच युक्ती आहे. गहू भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत, उन्हात खडखडीत वाळवावेत, मंद भाजून दळावेत. शिजलेल्या घट्ट व कोमट लापशीत या पिठाची एक चिमूट घालून ढवळली की काही क्षणांत ती पातळ होते. धान्याला मोड येताना त्यात असे एक द्रव्य तयार होते की जे पिष्टाचे मोठे कण तोडते; पाणी न वाढविता लापशी सैल होते ती त्यामुळे. भाजताना आच मोठी ठेवली तर ते द्रव्य नष्ट होते, हे ध्यानात असावे. पीठ घातल्यावर लापशीला पुन्हा एक उकळी द्यावी. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० नंतरच्या काळात या पिठावर पुष्कळ संशोधन झाले. आपल्या आज्या मात्र मोडाच्या पिठाची लापशी त्यापूर्वीपासून करीत असत. ज्वारीचे कोवळे कोंब मात्र या कामी वापरू नयेत. त्यांत विषारी अंश असतो. गुरांना कोवळी ज्वारी लागते ती याच कारणाने, आणि ही गोष्ट शेतकऱ्यास नव्याने सांगावी लागत नाही.

धान्य व डाळ एकत्र का खावी, याचेही कारण थोडक्यात द्यावे. प्रथिने ही अनेक लहान घटकांची बनलेली असतात. ज्वारीत त्यांपैकी लायसिन नावाचा घटक कमी पडतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असते. भाकर आणि वरण ताटात शेजारी आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ज्वारीत उडीद मिसळून दळलेल्या पिठाची कळण्याची भाकर, मुगाची खिचडी, बेसन-भाकर ही सर्व या जोडीचीच उदाहरणे होत. आहारशास्त्र जन्मास येण्यापूर्वी ती घरोघर सिद्ध झाली होती.

येथे आपल्या भागातील एका बदलाकडे लक्ष वेधणे जरूर आहे. मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होते त्या काळी, म्हणजे १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच, सोयाबीन येऊ लागले होते. आज खरिपाचे बहुतेक रान त्याने व्यापले आहे. मूग, उडीद आणि ज्वारी ही घरात खाण्यासाठी येणारी पिके त्यामानाने मागे पडली. सोयाबीन मोंढ्यावर जाते, पैसा घरी येतो, आणि डाळ दुकानातून पावशेराने आणावी लागते. शेताच्या धुऱ्याकडेला चार तास तुरीचे, पसाभर मुगाचे घरापुरते पेरावे, असे सुचविण्यास हरकत नाही. स्वतः सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने आहेत, पण ते कच्चे किंवा अर्धकच्चे मुलास देऊ नये. प्रथिनांचे पचन रोखणारे द्रव्य त्यात असते आणि ते चांगली उष्णता लागल्यावरच नाहीसे होते. रात्रभर भिजवून, पाणी टाकून, नव्या पाण्यात उकडून, वाळवून व भाजून मग नऊ भाग गहू किंवा ज्वारीत एक भाग सोयाबीन या प्रमाणात दळून आणावे. आणि एक गोष्ट सभेत दोनदा सांगावी : पेरणीनंतर थैलीत उरलेले, औषध लावलेले बियाणे धुऊनसुद्धा खाण्यात आणू नये. ते विष आहे. थैली मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवूही नये.

आता प्रत्यक्ष पदार्थ. सर्वांच्या परिचयाचे असेच निवडले आहेत.

चकोल्यांना अन्यत्र वरणफळे म्हणतात. एका भांड्यात पूर्ण जेवण व्हावे असा याहून सोयीचा पदार्थ आम्हांस ठाऊक नाही. एक वाटी तुरीची डाळ मऊ शिजवून घोटावी, त्यात चार-पाच वाट्या गरम पाणी, हळद, मीठ, थोडा गूळ व चिंचेचा कोळ घालून उकळी आणावी. दोन वाट्या कणकेची घट्ट पोळी लाटून तिचे शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावे आणि उकळत्या वरणात एक एक सोडावे. एकदम सोडल्यास त्यांचा गोळा होतो. मूठभर मेथी किंवा पालक चिरून वरून घालावा. दहा-बारा मिनिटांत फळे शिजतात. मुलांच्या वाट्या येथेच भराव्या, त्यांवर चमचाभर तूप किंवा तेल सोडावे, आणि मग मोठ्यांसाठी लसणाची तिखट फोडणी कढईत ओतावी. वर्षाच्या बाळाला हेच बोटांनी कुस्करून देता येते.

फुणके हा पदार्थ अलीकडे पाहुण्यांपुरता उरला आहे, हे चांगले नाही. दोन वाट्या तुरीची डाळ चार-पाच तास भिजवून जाडसर वाटावी. मीठ, हळद, जिरे, चिरलेली कोथिंबीर व पातीचा कांदा मिसळावा. या वाटणातून मुलांसाठी चार मुटके आधी वळून घ्यावेत व उरलेल्यात मिरची घालावी. चाळणीला तेलाचा हात लावून वीस मिनिटे वाफवावेत. तळण नाही, म्हणून तेल वाचते. मुलांना ते पातळ, बिनतिखट कढीत कुस्करून द्यावे; मोठी मुले ते हातात घेऊन तसेच खातात आणि दुसऱ्या वेळी मागतातही.

ज्वारीच्या कण्या सकाळसाठी उत्तम. भरडलेली ज्वारी रात्री भिजत टाकावी. सकाळी चौपट पाण्यात मूठभर मुगाच्या डाळीबरोबर मंद आचेवर शिजवावी. चूल पेटलेलीच असते, तिच्या कडेला भांडे ठेवले तरी काम होते. खाली उतरवून मीठ घालावे आणि कोमट झाल्यावर ताजे ताक किंवा दूध. चहा व बिस्किटांवर शाळेत आलेले मूल दहा वाजेपर्यंत पेंगू लागते, हे शिक्षकांनी पाहिलेलेच आहे. बिस्किटात मैदा व साखर, आणि चहात असे द्रव्य की जे अन्नातील लोह शरीरात शोषले जाऊ देत नाही. लहान मुलास चहा देऊच नये. मोठ्यांनीही जेवणाला लागून घेऊ नये.

सातूचे महत्त्व निराळ्या कारणासाठी आहे. आई वावरात, घरी म्हातारी आजी किंवा आठ वर्षांची बहीण आणि दुपारी बाळ रडू लागले, अशा वेळी चूल पेटविणे धोक्याचे असते. गहू किंचित ओलवून, वाळवून भाजावेत. निम्म्या प्रमाणात डाळवा आणि थोडे जिरे घालून दळून आणावे व डब्यात ठेवावे. उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा दुधात गूळ विरघळवून हे पीठ कालविले की विस्तवावाचून जेवण तयार होते. १९७२च्या दुष्काळात कामावरील मजुरांना व मुलांना वाटलेली ‘सुकडी’ पुष्कळ वृद्धांच्या स्मरणात आहे. भाजलेले धान्य, भाजलेली डाळ आणि गोड, हेच तिचेही तत्त्व होते. वर्षाच्या आतील बाळास मात्र गूळ-साखर शक्यतो नको, मीठही नाममात्र, आणि मध मुळीच नको. त्यातील जंतूंच्या बीजापासून तान्ह्या बाळास गंभीर विषबाधा होऊ शकते.

पालेभाजीचा प्रश्न पैशाचा नाही, आवडीचा आहे. पावसाळ्यात तरोटा, अंबाडी, घोळ. हिवाळ्यात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला. आणि शेवग्याचा पाला तर जवळजवळ बारमाही. नुसती भाजी मुले दूर सारतात. म्हणून शेवग्याची पाने बारीक चिरून भाकरीच्या पिठातच मळावीत, किंवा डाळ व शेंगदाण्याचा कूट घालून पातळभाजी करावी. भाजीतील लोह अंगी लागावे यासाठी त्याच जेवणात काही आंबट हवे : लिंबाची फोड, आवळा, हिवाळ्यात संत्र्याच्या चार फोडी. अंबाडीचा आंबटपणा डाळीने मोडतो, हे येथील सुगरणींना सांगणे नलगे. जवस, तीळ व कराळे यांची चटणी कमी मिरचीची वेगळी कुटून मुलांच्या भाकरीला लावावी. शेंगदाणे चार-पाच वर्षांखालील मुलास अख्खे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्यावेत, आणि बुरशी आलेला किंवा कडू दाणा टाकून द्यावा. जी घरे अंडी खातात, त्यांनी सहा महिन्यांनंतरच्या बाळासही पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून देण्यास हरकत नाही. जी खात नाहीत, त्यांच्यापुढे या विषयाचा आग्रह धरू नये. ताक, दही व डाळ वाढवा, एवढे सांगावे.

हे सर्व करूनही मूल वाढत नसेल तर दोन गोष्टी पाहाव्या. हात साबणाने धुतल्यावाचून भरविलेले अन्न जुलाबाच्या वाटेने निघून जाते. आणि पोटात जंत असले तर खाल्लेले अंगी लागत नाही. जंतांची गोळी फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांत शाळेत व अंगणवाडीत दिली जाते. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची नावे टिपून ठेवून त्यांस नंतर गोळी मिळाली की नाही हे पाहावे. आजारात अन्न तोडू नये. थोडे थोडे, अधिक वेळा द्यावे, आणि बरे झाल्यावर पंधरा दिवस एक वेळचे जेवण वाढवावे.

सभेच्या व्यवस्थेविषयी थोडेसे. आयांबरोबर आज्यांनाही आवर्जून बोलवावे. पुष्कळ घरांत बाळाच्या तोंडी काय पडावयाचे हे आजी ठरविते, आणि तिला वगळून सुनेला शिकविले तर घरात उगाच वाद होतो. वर सांगितलेले निम्मे पदार्थ आज्यांनाच अधिक चांगले येतात. त्यांनाच ते सांगू द्यावेत व शिक्षकांनी ऐकावे. वडील आले तर उत्तम. डाळ बाजारातून तेच आणतात. कोणाच्या मुलाचे वजन कमी आहे हे सभेत नाव घेऊन बोलू नये. त्या घरी अंगणवाडीताईंबरोबर संध्याकाळी जाऊन यावे. अंगणवाडीच्या वाढतक्त्यावरील रेघ तीन महिने आडवी किंवा खाली जात असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी द्यावी; तेथे घरगुती उपाय पुरत नाही.

पाठानंतर विचारावयाचे प्रश्न मोजकेच असावेत. काल रात्री घरी काय शिजले होते? त्यातून लहानग्याच्या वाटीत काय पडले? तिखट आधी की नंतर? उत्तरे लिहून घ्यावीत, आणि दोन महिन्यांनी पुढच्या सभेत हेच प्रश्न पुन्हा विचारून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.